अकरा ठिकाणी ‘गरज’

३ जानेवारी, शुक्रवार

प्रश्नावली आली. त्रेसष्ट प्रश्न, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये. सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारायचे – कशाची उणीव भासते, काय हवंसं वाटतं. दक्षिण अमेरिकेतल्या तीन देशांत कोणी तरी दारोदार जाऊन ते वाचून दाखवणार, आणि त्यांचे पहिले शब्द नवीन जालन्यात दुसऱ्या मजल्यावर ठरणार. वीस वर्षं हे करते आहे, तरी हसू येतं.

पद्धत नेहमीची. मी स्पॅनिश करायचं. दुसरा कोणी, ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही, तो माझं स्पॅनिश परत इंग्रजीत आणणार. तिसरा दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघणार – काय सांडलं, काय मिसळलं. आम्ही तिघं एकमेकांना ओळखत नाही. ओळखायचं नसतंच.

संध्याकाळी मैत्रिणीचा, जान्हवीचा फोन. हैदराबादला तिच्या ऑफिसात स्पॅनिशची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. “अरू, मागच्या वेळी बाबांचं कारण दिलंस. आता कुणाचं देणार?”

बाबांचंच, म्हटलं. एकवीस तारखेपर्यंत विचार कर म्हणाली.

५ जानेवारी, रविवार

‘आय मिस यू’मधल्या एका ‘मिस’वर अर्धा दिवस गेला. स्पॅनिशमध्ये तीन वाटा. स्पेनमध्ये एक चालते, मेक्सिकोत दुसरी. तिसरी दोन्हीकडे – ‘मे आसेस फाल्ता’. शब्दशः धरलं तर, तू मला कमी पडतोस.

मराठीत ‘उणीव भासते’. पण कोणाला बोलताना भासलेली ऐकली नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरच भासते. आईला जाऊन, बाबा माझ्याकडे राहायला येऊन चार वर्षं झाली. बाबा एवढंच म्हणतात, “तुझ्या आईनं हिंग जास्त टाकला असता.”

८ जानेवारी, बुधवार

सूचनांमध्ये लिहिलंय, प्रश्न एखाद्या वयस्कर माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, कुठे अडखळतो ते बघा. इथे स्पॅनिश कळणारं वयस्कर माणूस कुठून आणू? तोंडीच मराठी केलं आणि बाबांना बसवलं. जाफराबादच्या स्टँडवर एकोणीस वर्षं कंट्रोलर होते, कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय. सोळापर्यंत भराभर झालं. झोप बराबर. भूक बराबर. कमी काहीच नाही.

“प्रश्न सतरा. घरच्यांना न सांगितलेली एखादी इच्छा आहे का?”

चष्मा काढून पुसायला लागले. “हो-न्हाईच लिहायचं ना?”

“हो.”

“मंग हो लिही.”

“काय आहे, बाबा?”

“ते अठराव्यात विचारलंय का?”

“नाही.”

“मंग पुढं चल.”

९ जानेवारी, गुरुवार

चार वर्षांत मी गोळ्या विचारल्या, पथ्य विचारलं, डोळ्यांचे थेंब टाकले का विचारलं. हे नाही विचारलं.

१२ जानेवारी, रविवार

फकरोद्दीन चाचा आले. जाफराबादच्या स्टँडसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. महिन्यातून एकदा बसनं येतात, पिशवीभर पेरू आणतात आणि बाबांशी दिवसभर एसटीच्या गाड्यांबद्दल बोलतात. मला विचारलं, “बेटा, तुझ्या त्या जबानचा एखादा लफ्ज सांग.”

‘ओहाला’ सांगितला. असं व्हावं, या अर्थाचा. अरबीतून गेलेला, त्यात अल्लाचं नाव आहे.

“म्हणजे आपला इन्शाल्ला तिथपर्यंत गेला? जाफराबादहून गाडी लागते का तिकडं?”

बाबा हसले. मग चाचा त्यांच्याकडे वळले. “नरहरराव, दुकानावरची खोली दोन महिने झाले साफ करून ठेवली. बोलले का हिला?”

बाबा पिशवीतले पेरू मोजायला लागले.

“अजून न्हाई? पोरगी आहे का वाघ आहे?”

मग निघालं. बाबांना जाफराबादला राहायचंय. त्या खोलीत. खिडकीतून स्टँड दिसतो, खाली फकरोद्दीन, जेवण चाचांच्या सुनेकडे, मदिनाकडे – तेही ठरलेलं. सगळं ठरलेलं, मला सांगणं सोडून.

“मग सांगितलं का नाही?”

“तुला एकटं टाकून कसं जाऊ? तू घरातून खाली उतरत न्हाई. तुझ्याशी बोलायला कोण?”

“आणि मी तुमच्यासाठी हैदराबादला नाही म्हणत आले.”

चाचांनी पेरू कापला. “वा. दोघं एकमेकांचे चौकीदार.”

बाबा रागावले नाहीत. मीही नाही. चहा टाकला. साखर घालायची राहिली, तसाच प्यायलो.

१५ जानेवारी, बुधवार

तपासणी परत आली. एकच शेरा: ‘अकरा ठिकाणी मूळ इंग्रजीत “हवं आहे” असं आहे. परत आलेल्या इंग्रजीत “गरज आहे” असं आहे. कृपया पाहावे.’

पाहिलं. परत आणणाऱ्याची चूक नाही. त्यानं मी दिलं तेच आणलं. ‘मला सोबत हवी आहे’ – मी केलं, मला सोबतीची गरज आहे. ‘मला माझ्या गावी राहायचं आहे’ – मला गावी राहण्याची गरज आहे. शब्द येत नाहीत असं नाही. ‘केरेर’, म्हणजे हवं असणं, पहिल्या आठवड्यात शिकवतात. एखाददुसरं असतं तर घाई म्हटलं असतं. अकरा म्हणजे स्वभाव.

आमच्या घरात काही मागायचं तर आधी कारण लागायचं. चप्पल तुटली, तर चप्पल. आवडली म्हणून – ही रीतच नव्हती. माझ्या घटस्फोटाच्या वेळीसुद्धा कागदावर कारणं लिहिली. खोटी नव्हती, बारीक होती. त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं, एवढंच खरं. माणूस चांगला होता. बाबा अजून लोकांना सांगतात, “तिला त्रास होता.” मी कधी दुरुस्त केलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

अकराही बदलले. प्रत्येक वाक्य थोडं निर्लज्ज वाटलं. पाठवले.

१९ जानेवारी, रविवार

बाबा गेले. एक ट्रंक, रेडिओ, थेंबांची बाटली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. गाडी लागायच्या आत त्यांनी भोकरदनच्या एका बाईला तिची गाडी दाखवली आणि एका मुलाला चुकीच्या गाडीतून उतरवलं. मान किती ताठ होती! इतक्या दिवसांत घरात पाहिली नव्हती.

खिडकीतून म्हणाले, “आता जा हैदराबादला. आता माझी आडकाठी न्हाई.”

“पोचल्यावर फोन करा,” म्हटलं.

संध्याकाळी जान्हवीचा फोन. तिला कोणी तरी आधीच कळवलं होतं – बाबांनीच, दुसरं कोण! “आता तर रस्ता मोकळा. खोली बघू का तुझ्यासाठी?” दोन दिवस दे म्हटलं.

२० जानेवारी, सोमवार

सगळ्या खिडक्या उघडल्या. दुपारी जमिनीवर आडवी झाले, उशीशिवाय. कोणी विचारलं नाही, बरं नाही का.

२१ जानेवारी, मंगळवार

जान्हवीला कळवलं, येत नाही. आता काय कारण, म्हणाली. कारण नाही, म्हटलं. यायचं नाहीये.

हैदराबाद मला कधी हवंच नव्हतं. मला हे घर हवं होतं, एकटीला. चार वर्षं – बाबा इथे असताना, रोज.