आवाजाच्या नसेवरची गाठ

आये,

तुझ्या स्वयंपाकघरात आता मी एकटीच वावरते. गेल्या वर्षी तिथेच उभ्याउभ्या वेणी घालताना जबड्याखाली, मानेच्या उजव्या अंगाला, बोटांना गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून बरेच दिवस कुणाला बोलले नाही. बोलायला होतं तरी कोण. शेवटी कणकवलीच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरली. आडवी हलत होती, वरखाली नाही. जराशी दाबली आणि मला खोकल्याची उबळ आली. पुन्हा दाबली, पुन्हा खोकला. त्यांनी लगेच एमआरआय करायला सांगितला.

गोव्याच्या सर्जनबाईंनी फोटो दाखवून समजावलं. गाठ कॅन्सरची नव्हती, पण स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेतूनच वाढली होती. "नस न तोडता गाठ सोलून काढायचा प्रयत्न करीन," त्या म्हणाल्या, "पण आवाजाची खात्री देत नाही." मी कट्टा गावच्या शाळेत कविता शिकवते. आवाज सोडून माझ्यापाशी दुसरं काय होतं? सोबत कोण, असं त्यांनी विचारल्यावर मी शेजारच्या वहिनीचं नाव सांगितलं. ती आली, मला दाखल करून दुपारच्या गाडीने परतली. तिच्याकडे काजू वेचणीला आले होते.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर डोळे मिटून तुला बघत होते. तू विळीवर नारळ खवते आहेस, मी दारात उभी राहून कविता म्हणते आहे, आणि तू मान वर न करता म्हणतेस, "सावकास गो, अख्ख्या वाडीक ऐकाक जाता."

गाठ सुटून आली. नस शाबूत राहिली, पण दमली. आवाज घोगरा झालाय, मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही. मुलं आपणहून पुढे सरकून बसतात. रोज मोठ्याने वाचायचा व्यायाम दिलाय, तो मी भिंतीसमोर करते. सुट्टीच्या दिवशी तेवढंच काय ते बोलणं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा सर्जनबाई म्हणाल्या, काहीतरी बोला. मी "आये" म्हटलं. नर्सला वाटलं कळ आली, तिने इंजेक्शन दिलं. मीही मुकाट्याने घेतलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तेव्हा दुखत नव्हतं गो. तुलाच हाक मारली होती.