पंधरापर्यंत जळलेली मेणबत्ती

कोपनहेगन, ७ डिसेंबर

शाळेआधी, बाहेर मिट्ट अंधार असताना आई डिसेंबरची मेणबत्ती टेबलावर ठेवायची. तिच्यावर एक ते चोवीस आकडे. रोज एकच आकडा जाळायचा, नाताळापर्यंत. अस्टा थोरली, म्हणून काडी तिची. मी धाकटी, फुंकर माझी. केसांना मेणाचा वास घेऊन दोघी नन्सच्या शाळेत. सिस्टर बेनेडिक्टा दारातच हुंगायच्या — "आज सातवा ना?"

आज तीच अस्टा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मला घ्यायला स्टेशनवर आली ती सायकलवरून! ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा पोल वारला, आता एकटीच. तिला माझ्या बेटावर, माझ्या घरी न्यायला आलेय मी. कायमची.

बघू.

८ डिसेंबर

शहर आहे की जत्रा! सायकलींच्या वाटेत एक पाऊल पडलं, तर मुलगी ओरडली, "आजी, झोपलात का?" अस्टा खिदळतेय. "बेटावरची कोंबडी आहे ती, सोड!"

९ डिसेंबर

तिच्या गाणाऱ्या मंडळाचं नाताळचं जेवण. एकला बसलो, आठला उठलो. हेरिंग मासे, मग पुन्हा हेरिंग, प्रत्येक पेल्याला एक गाणं. डोकं उठलं. बेटाचा विषय काढला, तर सगळ्यांसमोर विचारते, "हिवाळ्यात तिथे माणसं किती गं, एली? मेंढ्या धरून सांग."

सगळं टेबल हसलं. मी नाही.

१० डिसेंबर

मेणबत्ती लावली आणि न्याहारीलाच भांडण.

"जिन्यात पडलीस तर?"

"चार मजले धावून येतील. तुझ्याकडे पडले तर कोण, कोंबड्या?"

ती तणतणत गाण्याला गेली, मी तणतणत चर्चला. परतलो तर मेणबत्ती जळतेच आहे — थेट पंधराचा आकडा संपलेला! घर पेटलं नाही हे नशीब. मी ओरडले, "इतक्या वर्षांत एवढंही जमत नाही तुला?"

ती सुरीने टेबलावरचं मेण खरवडत राहिली. मग म्हणाली, "पोल गेल्यापासून दर वर्षी असंच होतं. काडी ओढते. विझवायचं कुणी, ते लक्षातच राहत नाही."

११ डिसेंबर

मेणबत्ती नाही. आता सोळापर्यंत तिला उपास. न्याहारी दिव्याखाली.

१४ डिसेंबर

उद्या माझी बोट. एकटीची. हरले.

अस्टाने राईच्या पावाचा डबा भरून दिला. वर थट्टा — "परवा काडी ओढली की फोन करते. तिकडून फुंक मार." किती हसली! मला इतका राग आला की पेटीची चेनच लागेना.

१६ डिसेंबर

काल बोट माझ्याविना गेली. आज फुंकर मारली. बरोब्बर सोळाच्या रेघेवर.

बेटावर शेजारच्या गेर्डाला फोनवर सांगायचं: कोंबड्या तुला, अंडीही तुझीच. फोडलेली लाकडं येन्सला. ओली आहेत, त्याला आधी सांग. बागेतलं बाक चर्चला. माझं लोकरीचं पांघरूण इकडे पाठव. आणि कपाटात वरच्या कप्प्यात आईची मेणबत्तीची पितळी बशी आहे, ती नीट गुंडाळून — अस्टाला.