धुऱ्यावरची वीतभर माती

पारवा, घाटंजीजवळ
ता. ७ जून १९६४

चि. प्रभावतीले तुह्या आजीचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

इकडं सारे बरे हाय. शेळीले दोन पिलं झाली, एक पांढरंफेक. तुहं पत्र भेटलं. प्रौढ वर्गात शिकल्याचं सोनं झालं. मी एकटीनंच वाचलं, अक्षराअक्षरावर बोट ठेवून. आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या मातीची गोष्ट नागपूरच्या सभेत माही नात उभी राहून वाचणार. बाजारात इंदुताईले सांगतलं, सुखीबाईले सांगतलं, तेलवाल्याले बी सांगतलं, त्यानं इचारलं नव्हतं तरी.

दूर मुलकात बाँब फुटतात, त्याची धूळ पाण्यासंगं आपल्या वावरात पडते, हे तू समजावलं तवा मले भेवच वाटलं होतं. आता तू लिहिते, बाकी साऱ्या गावात ती धूळ दोन बोटं खाली उतरली, आपल्या धुऱ्यावर वीतभर. तुहे सर म्हणतात, काळी माती भेगाळते म्हणून. पण बाई, त्या बाकी गावातल्या मारेगावची माती काय गोरी हाय?

मी तुह्यासंगं खोटं बोलली.

माती न्याले धुऱ्यावर नळी ठोकाच्या आधी तू इचारलं होतं, "आजी, इथं कोणी खोदलं तर नाही ना?" तुहे आजोबा, आबाजी, बाजूलेच उभे होते. मी म्हटलं, "खोदाले कोणाले टाइम हाय?"

मले होता. दीक्षा घेतली तवा घरचे सारे देव नदीत सोडले. मी बी सोडले, खुशीनं. एक मरीमायचा दगड तेवढा लुगड्यात लपवला. तू तीन वर्साची असताना अंगभर देवी आल्या होत्या, तवा मी तिच्यापुढं पदर पसरला होता. तो दगड धुऱ्यावर गाडला. दर आखाडात आबाजी बाजारले गेले का खुरप्यानं काढाचा, धुवाचा, हळद लावाची, पुन्हा गाडाचा. वीतभरच खोल. वरची माती खाली, खालची वर. ती धूळ मीच उतरवली, बाई.

दगड लपवल्याचं एवढं वाटत नाही. पण माह्या एका शब्दावर तू मान हलवली अन् वहीत लिहून घेतलं, ते डोळ्यापुढून जात नाही.

सभेत ते धुऱ्यावरचं वाचू नको. काहून गाळलं असं सर इचारतीन, तर सांग, आजीनं खोदलं होतं. कायले खोदलं म्हणतीन, तर ते बी सांग. गावात पहिली दीक्षा आबाजीनं घेतली; बाहेरून कानावर गेलं तर त्यायची मान खाली जाईन. म्हणून त्यायले आधी मीच सांगीन. हे पत्र पेटीत टाकून आली का लगेच, म्हणजे मले मांगं फिरता येणार नाही.

जिचं तू खरं मानलं, ती तुही आजी,
सत्यभामा