तिसऱ्या गाण्यातली बाई

मरोदा, भिलाई
१५ ऑक्टोबर १९९३

चि. शिरीष यास,

काल, १४ ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा वाजता तू माझी अब्रू घालवलीस. तुझी पहिली कॅसेट ऐकायला मी शेजारणींना चहाला बोलावलं होतं. गिटार उत्तम वाजवली आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिसऱ्या गाण्यात तू इंग्रजीत रडतोस, की एका दगडाच्या काळजाच्या बाईने तुला उपाशी ठेवलं. तुझी आई गेल्यावर तुला वाढवलं ते या आत्याने, रोज वरणावर तूप घालून!

सिंधुताईंनी विचारलं, "काय म्हणून राहिला हो पोरगा, मॅडम?"

"देवाची प्रार्थना आहे," मी म्हटलं. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा हा उपयोग!

त्यांनी हात जोडले. "किती मनातून म्हणते हो! पुन्हा लावा नं."

पुन्हा लावलं. आज सकाळी एकटीनेही लावलं. अशाने माझा राग उतरेल आणि हे पत्र टाकायचं राहून जाईल, म्हणून घाईने लिहिते.

तुझ्या त्या ब्लूज गाण्यांना दुःख लागतं, हे मला कळतं. तरी ती बाई कोण, ते ३१ ऑक्टोबरच्या आत लेखी कळव. मी नसेन तर उत्तम. मीच असेन, तर तसंही स्पष्ट लिही. माझ्यावर गाणं झालं आहे, हे मला सगळ्यांना दाखवायचं आहे.

तुझी आत्या,
वसुंधरा