अंगणातला धूप, छपरावरचं यंत्र

६ डिसेंबर

आज सकाळी नेहमीसारखा अंगणात धूप घातला, मग शिडीनं छपरावर चढून यंत्रातला आकडा वहीत उतरवला. एकाहत्तर. दुपारी पुन्हा बघितला तर बावीस. राजधानीहून आलेल्या नोरझोम मॅडम यंत्र बसवताना म्हणाल्या होत्या, "तिसाच्या वर गेला की हवा वाईट समजायची, आपा."

यंत्रासाठी गुपनं माझंच छप्पर निवडलं. गावाचा मुखिया तो, त्याचं कोण मोडणार! सगळ्यांसमोर म्हणाला, "ल्हेंदुप पहाटे उठतो, खोटं लिहीत नाही आणि त्याला कसलीच घाई नसते." शेवटचं कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

सरकारी वही आकड्यांची. ही दुसरी माझी. लिहायची सवय लागली म्हणून घेतली.

९ डिसेंबर

अठ्ठ्याऐंशी.

शाळेतली मुलं रोज घोकतात — आपला देश जेवढा धूर सोडतो त्याहून जास्त आपलं रान गिळून टाकतं. खालून मैदानातून येणाऱ्या धुरक्याला नावं ठेवण्यात आमचा हिवाळा जातो. आणि इथे पाइनच्या रानात, चाळीस घरांच्या गावात, अठ्ठ्याऐंशी! राजधानीला फोनवर आकडा सांगताना माझाच आवाज खाली गेला.

साथ आली, हवा बिघडली की वडील धूप वाढवायचे. उद्यापासून दोन मुठी जास्त.

११ डिसेंबर

एकशे चार. आणखी दोन मुठी वाढवल्या पाहिजेत. रिन्झिमो म्हणाली, "देवांना खोकला लावाल." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बायकोची थट्टा काही संपत नाही.

१४ डिसेंबर

गुप आला. लोणी घातलेला चहा तीन वाट्या प्यायला, मगच विषयाला हात घातला. राजधानीतून विचारणा झाली म्हणे. "आकडा सकाळी सहाला चढतो, दुपारी उतरतो. मला सांग, सहाला गावात काय पेटतं?"

मी म्हणालो, "आम केलझांगमोची चूल."

वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आपा म्हणतो, बाईला आम; तिचं माझ्या घराच्या खाली रस्त्यालगत छोटं खाणावळघर. कुट्टूच्या शेवया करते. साडेसहाच्या बसचे लोक त्या खाऊनच घाट चढतात. नवरा गेल्यापासून त्या चुलीवरच तिचं सगळं. विजेची शेगडी तिला सरकारनं फुकट दिली आहे, पण तीस माणसांच्या शेवयांचं पातेलं तिच्यावर उकळत नाही. शेगडीवर तिचं मांजर झोपतं.

"सत्तावीसला गावसभा," गुप म्हणाला. "चुलीला सील ठोकू."

मीही मान हलवली. आकडा आकडा असतो.

१५ डिसेंबर

सकाळी मुद्दाम तिच्याकडे शेवया खायला गेलो. वाटी पुढ्यात आपटून म्हणाली, "माझा धूर तुमच्या छपरावर चढतो म्हणे, आपा. शिडी कुणी लावून दिली त्याला?"

मी शेवया ढवळत राहिलो. मग तीच म्हणाली, "तीन दिवस चूल बंद ठेवते. बघू तुमचं यंत्र काय बोलतं ते."

तिचं भलं व्हावं, आकडा उतरावा म्हणून उद्यापासून धूप दुप्पट घालणार आहे. त्यासाठी धूपीच्या झाडाच्या ताज्या डहाळ्या वरच्या रानातून आणून ठेवल्या.

१८ डिसेंबर

चूल तीन दिवस थंड. बसचे लोक बिस्किटं खाऊन गेले. आकडे — एकशे नऊ, एकशे सोळा, एकशे एकवीस.

गुप भर रस्त्यात म्हणाला, "मागच्या खोलीत पेटवली असेल. बाई खोटं बोलते." चार माणसं उभी होती. केलझांगमो आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

१९ डिसेंबर

बहिणीच्या घरी वार्षिक पूजा. दोन रात्री तिकडे. धूप आणि आकडा, दोन्ही रिन्झिमोवर सोपवून निघालो.

२१ डिसेंबर

संध्याकाळी परत आलो. सरकारी वहीत रिन्झिमोच्या अक्षरात — सतरा. एकोणीस.

"यंत्र बिघडलं का?"

"नाही."

"केलझांगमोनं चूल बंदच ठेवली वाटतं."

"काल पहाटेपासून धडधडून पेटली आहे. मी तिच्याकडेच जेवले."

"मग धूप घातलास तू, त्याचाच गुण."

ती मिरच्यांचे देठ खुडत होती. हात थांबले नाहीत. "डहाळ्या ओल्या होत्या, पेटल्याच नाहीत. देवापुढे सात वाट्या पाणी ठेवलं, दिवा लावला. तुम्ही शाळेत गेलेले. तुम्हीच बघा काय ते."

२२ डिसेंबर

पहाटे धूप न घालता वर चढलो. अठरा. खाली आलो, एक मूठ घातली, परत चढलो. त्रेसष्ट. वडिलांनी बसवलेली धुपाची भट्टी यंत्रापासून आठ हातांवर आहे. पहाटेचा वारा धूर उचलतो आणि सरळ यंत्राच्या तोंडात नेऊन घालतो.

छपरावर बसून एकटाच हसलो. हवा शुद्ध व्हावी म्हणून रोज मुठी वाढवत होतो. तो धूर आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. धूर चुलीचा, गाडीचा. धूप तो धूप.

मग खाली केलझांगमो पाणी भरताना दिसली. हसू थांबलं.

२३ डिसेंबर

गावात कुणाला न सांगता देवळात लोपेनकडे गेलो. म्हातारे भिक्षू आहेत, अर्धा वेळ डोळे मिटलेले. सगळं सांगितलं. म्हटलं, वडिलांचा नेम मोडू कसा?

"धूप कुणासाठी घालतोस?"

"सगळ्या जीवमात्रांसाठी."

"केलझांगमो त्यात येते का?"

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "चिमूटभर घातलास तरी देवांना पत्ता सापडतो. शिवाय भट्टी उचलून दुसरीकडे नेता येते, तिला काही मुळं फुटलेली नाहीत."

२५ डिसेंबर

दोन दिवस चिमूटभर धूप, तोही अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. आकडा वीसच्या आसपास. गुप खूश. वाटेत थांबवून म्हणाला, "बघ, सीलचं नाव काढताच बाई सरळ आली. चूल राहू दे म्हणेन सभेत, पण तिनं कबूल केलं पाहिजे की तेव्हा लबाडी केली."

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. मी थंडीवर बोललो.

२६ डिसेंबर

रिन्झिमोला विचारलं. ती म्हणाली, "चूल वाचतेय ना. गप्प बसलात तर कुणाला कळणार नाही." मग पाठ फिरवून, "माझ्याशिवाय."

चूल वाचेल. पण गावात तिचं नाव खोटारडी म्हणून राहील. आणि ल्हेंदुप खोटं लिहीत नाही म्हणून माझं.

घो, सभेला घालायचा अंगरखा, इस्त्री करून ठेवला. सभेचं पांढरं उपरणं सापडत नव्हतं, रिन्झिमोनं ते आधीच काढून खुंटीवर टांगलं होतं.

२७ डिसेंबर

सभेत गुपनं तोंड उघडायच्या आत उठलो. सरकारी वही उघडली, सगळ्यांदेखत डिसेंबरच्या पानावर लिहिलं, मोठ्यानं वाचलं — हा धूर माझ्या धुपाचा, आम केलझांगमोच्या चुलीचा नव्हे — खाली सही केली आणि वही आधी तिच्या हातात दिली. तिनं दोनदा वाचली. मग मुखियाकडे सरकवत म्हणाली, "शेगडी थंड असते म्हणून मांजर कुरकुरतं. उद्यापासून आपांच्या भट्टीवर झोपायला पाठवते, तिथे आता मांजरापुरतीच ऊब राहील."