शर्टाच्या बटणावरचा हात

प्रिय मित्रा,

काल दुपारच्या खेळाला तुझा सिनेमा पाहिला. नणंदेला सोबत नेलं होतं. खरं सांगू? रहस्याच्या नावानं आनंदच आहे. विसाव्या मिनिटालाच नणंद कानाशी लागली, "सूनच म्हाताऱ्याच्या गोळ्या बदलतेय, बघ तू!" आणि निघालीही सूनच. तिच्या गळ्यात पाटी अडकवायची तेवढी दिग्दर्शकानं बाकी ठेवलीय. मध्यंतरानंतर पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चक्क घोरत होता.

पण म्हातारा होऊन तू पडद्यावर आलास की तोही जागा व्हायचा. स्वयंपाकघरातला तो प्रसंग, हातात रिकामा कप, आणि कपाट कुठलं ते तुला आठवत नाही. थिएटरात चिडीचूप. मागच्या बाईंना हुंदका आवरेना. बाहेर पडताना नणंद म्हणाली, "काय काम केलंय गं तुझ्या मित्रानं!" मी हो म्हटलं. घरी पोचेपर्यंत मात्र तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून बघत होते.

बावीस वर्षं विंगेत बसून मी तुला प्रॉम्प्टिंग केलंय. विसरण्याचा अभिनय करताना तू वर, दिव्यांकडे बघतोस. खरोखर विसरलास की तुझा हात शर्टाच्या बटणावर जातो आणि तू माफी मागितल्यासारखं हसतोस. प्रेक्षकांना कधी कळलं नाही, कारण तोवर माझं वाक्य तुझ्यापर्यंत पोचलेलं असायचं. काल पडद्यावर तू वर बघितलं नाहीस.

मनाची समजूत घालून पाहिली. म्हटलं, माणूस म्हातारपणी नवं काही शिकला असेल. शेवटी न राहवून आज सकाळी तुमच्या कपडेपटातल्या बाईंना फोन केला. त्या कौतुकानं सांगत होत्या, कपाच्या त्या प्रसंगात तुला चांगली पाच वाक्यं होती. तू एकही बोलला नाहीस, आणि दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं तसंच ठेवलं.

आता माझा गुन्हा सांगते. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "साहेब काय म्हणतायत?" ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. खांदा द्यायला तू होतास. आणि मी काय म्हणाले? "मजेत आहेत." तुझी चूक झाकायची सवयच लागलीय रे मला. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ह्यांच्या खुर्चीकडे बघत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू झकास अभिनय केला असतास आणि मी फसले असते. बुधवारी सकाळी अकराला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. स्वभावानं शांत आहेत, घाई करत नाहीत. दहाला टॅक्सी घेऊन तुझ्या दारात येते. चिडशील, चीड. दार आपटशील, तर पायरीवर बसून राहीन. तुझ्या लेकीला मी काही कळवलेलं नाही. ते तूच सांगायचं, तुला वाटेल तेव्हा. तिथं काहीच निघालं नाही, तर जन्मभर मला हसत राहा. मला चुकायचंच आहे. पण एकट्यानं जायचं नाही, आणि न जाता तर राहायचंच नाही.

तुझीच,
हट्टी मैत्रीण