बिनदेखभालीची ठिणगी

माझ्या धाकट्या भावा, आणि बाबांच्या मोटारीच्या अर्ध्या मालका,

अनेक आशीर्वाद. आपल्या दोघांचं एक दुखणं समान आहे. ही गाडी रस्त्यावर काढली की भेटेल तो विचारतो, "कधी विकताय?" घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल असं कुणी विचारत नाही, निदान त्याच्या तोंडावर तरी नाही. तुझा गुडघा, भावजयीचा खोकला आणि लेकीची परीक्षा, तिन्ही मार्गी लागलं असेल असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम. घसा तर फारच सुधारला आहे, कारण दिवस दिवस वापरावा लागत नाही.

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात पोचलं. आगपेटीएवढा काळा ठोकळा, दोन वायरी, चुंबकाची चकती आणि एक माहितीपत्रक. त्यात 'देखभालीची गरज नाही' हे वाक्य सात वेळा आलं आहे. (चांगला मुद्दा तीनदा सांगितला की पुरतो. सात वेळा सांगावा लागला तर बोलणाऱ्याचाच विश्वास डळमळलेला असतो. चाळीस वर्षं कामगारांच्या सभा घेतल्यावर एवढं कळतं.) सोबत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी : 'ताई, हे बसवून घे. आता कुणावाचून अडणार नाही.' चिठ्ठीकडे मी नंतर वळते, आधी ठोकळ्याचा समाचार घेते.

आपल्या इंजिनात ठिणगी कोण पाडतं? पॉइंट. धातूची दोन इवलीशी टोकं, भेटतात आणि दुरावतात, आणि दर वेळी दुरावताना ठिणगी पडते. ती झिजतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं, म्हणून सहा महिन्यांनी ते पुन्हा जुळवावं लागतं. यात लाजण्यासारखं काय आहे? बिघडलं तर डोळ्यांना दिसतं, कानशीने घासा, कागदाने पुसा आणि निघा. त्यांच्या जागी बसवायचा तुझा ठोकळा सीलबंद. तो कुरकुरत नाही, पूर्वसूचना देत नाही, एके दिवशी गप्प होतो आणि आपण रस्त्याच्या कडेला हात बांधून उभे. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, त्याच्यावर मालकी आपली नसते, हे मी भल्या भल्या साहेबांना तोंडावर सुनावलं आहे. आगपेटीएवढ्या ठोकळ्याला सोडेन होय?

हीच भूमिका मी रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळात मांडली. पस्तीस मिनिटं बोलले. श्रोते अकरा (त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता, पण शेवटपर्यंत थांबला). एक आजोबा मध्येच उठून म्हणाले की पॉइंट नको, ठोकळाही नको, मॅग्नेटो बसवा, त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही. म्हटलं, आजोबा, ज्यांना कुणीच लागत नाही अशांची माझ्याकडे आधीच गर्दी आहे. टाळ्या झाल्या. ठराव झाला. मग मी ऐटीत बाहेर आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि इंजिनाने माझ्या भाषणाला साफ असहमती दर्शवली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, बराच वेळ आत पाहिलं, आणि पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "खड्डे फार पडलेत. भरून भागणार नाही, काढावेच लागतील. किती दिवस दाखवलं नव्हतं?" दोन वर्षं, म्हणाले मी. माझ्यासाठी टाळ्या वाजवलेले सगळे हात मग गाडीच्या पाठीला लागले. ढकलणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या गाडीत तुझ्यासारखा ठोकळा आहे, हे मला वाटेत कळलं.

आता चिठ्ठी. आठवतं, पॉइंट कसे जुळवायचो? तू पुढे इंजिन फिरवायच्या हँडलवर, मी बॉनेटमध्ये वाकून, हातात अंतर मोजायची पोलादी पट्टी. किंचित फिरव. अजून किंचित. फार झालं, मागे घे. बस. तासाभराच्या कामाला आपण अख्खी सकाळ लावायचो. तुझं लग्न ठरल्याचं मला रेडिएटरच्या पलीकडून कळलं. आई यातून उठणार नाही हे मी तुला पॉइंटकडे बघत सांगितलं, कारण तुझ्याकडे बघून सांगता आलं नसतं. तू हँडलवरचा हात न काढता विचारलंस, "अजून किंचित?" मी म्हटलं, हो.

वर्षातून दोनदा यायचास. मग एकदा. गेली दोन वर्षं रविवारचा फोन, तोही चार मिनिटांचा, त्यात दीड मिनिट हवामान. तू कामात गुंतलेला असतोस हे मला समजतं. समजतं म्हणून आवडतं, असं मात्र नाही. आणि आता हे पार्सल. चांगल्या मनाने पाठवलंस, म्हणूनच जास्त लागलं.

तेव्हा निर्णय जाहीर करते : पॉइंटच राहतील. ठोकळा परत पाठवत आहे. भावजयीला सांग, मी कुणावर रागावलेले नाही.

तुझी,
ताई

ता. क. : वर लिहिलं ते सगळं तत्त्व म्हणून खरं आहे. पण गुरुवारी गॅरेजवाल्याकडून मी ठोकळा बसवून घेतला होता. आपल्या गाडीची बॅटरी आजच्या गाड्यांपेक्षा उलटी, धन टोक सांगाड्याला, जोडलेली असते हे लक्षात ठेवून तू नेमका तसलाच धाडलास, ते पाहून मला भरून आलं आणि मग दुप्पट राग आला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू. टेकडीपर्यंत जाऊन आले, एकदाही अडखळली नाही. घरी येऊन बॉनेट उघडलं, तर करण्यासारखं काहीच नव्हतं. थोडा वेळ उभी राहिले आणि बंद केलं. शुक्रवारी सगळं परत काढायला लावलं. गॅरेजवाल्याने कारण विचारलं तेव्हा मी तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणाले. तो म्हणाला, "ताई, गाडी चालत होती."

ता. क. २ : तो असंही म्हणाला की पॉइंट जुळवायला दोन माणसं लागतच नाहीत. रेडिएटरमागचा पंखा हाताने फिरवला की इंजिन फिरतं, एकट्याला सहज जमतं. मला हे तीस वर्षं माहीत आहे.

नवे पॉइंट आणून ठेवले आहेत. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने ये. घ्यायला येता येणार नाही, गाडी बंद आहे. चालत ये.